गाड्यांच्या रस्त्यावर सायकल: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी वाहतुकीचे नियम

बऱ्याच वर्षांनी पुन्हा सायकल चालवायला लागले, तेव्हा माझी अशी समजूत होती की सायकलला नियम नसतात. लायसन्स लागत नाही, नंबरप्लेट नसते, मग नियम कुठून येणार? एका चौकात सिग्नल लाल असताना मी कडेकडेने पुढे सरकले आणि झेब्रा क्रॉसिंगवरून जाणाऱ्या एका वयस्कर बाईंना माझं हँडल लागलं. त्या पडल्या नाहीत, त्यांच्या हातातली पिशवी पडली. मला काही न बोलता त्या पिशवी उचलून निघून गेल्या. त्या दिवशी घरी येऊन मी सायकलस्वारांना लागू होणारे नियम पहिल्यांदा नीट वाचले. तेव्हा वाचलेलं आणि नंतर रस्त्यावर उमगलेलं, नव्याने सायकल काढणाऱ्याला ज्या क्रमाने लागेल त्या क्रमाने इथे लिहिते आहे.

एक खुलासा. सगळी उदाहरणं वाहतूक डाव्या बाजूने चालते असं धरून दिली आहेत. तुमच्याकडे ती उजव्या बाजूने चालत असेल तर डावं-उजवं उलटं करून वाचा.

सायकलवर बसलात की तुम्ही चालक

पायडल मारत असाल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही वाहन चालवता आहात. खाली उतरून सायकल हातात धरून चालायला लागलात तर बहुतेक देशांत तुम्ही पादचारी ठरता. हा फरक पक्का लक्षात ठेवा, कारण अवघड चौकात तो फार उपयोगी पडतो. घाबरायला झालं तर उतरायचं आणि पादचाऱ्यांबरोबर क्रॉसिंगवरून सायकल ढकलत पलीकडे जायचं. अर्धवट दोन्ही होणं मात्र धोक्याचं आहे. रस्त्यावरून चालवत येऊन सिग्नल लाल दिसला की फुटपाथवर चढायचं, क्रॉसिंगवरून सायकलवर बसूनच पलीकडे जायचं आणि पुन्हा रस्त्यावर उतरायचं, असं केलं की आजूबाजूच्या एकाही माणसाला तुमचा अंदाज बांधता येत नाही.

सायकल म्हणजे गाडी की नाही, हा वाद जुना आहे. १८७९ मध्ये ब्रिटनमधल्या टेलर विरुद्ध गुडविन या खटल्यात हाच प्रश्न आला होता. बेफाम गाडी हाकण्याबद्दलचा जुना कायदा सायकलस्वाराला लावता येतो का? न्यायालयाने सायकलही गाडीच, असा निकाल दिला. १८८८ मध्ये तिथल्या कायद्यात हे स्पष्ट शब्दांत आलं आणि सोबत अंधारात दिवा लावण्याची, पुढच्याला सावध करण्यासाठी घंटी किंवा शिट्टी वाजवण्याची अटही आली. पुढे ८ नोव्हेंबर १९६८ रोजी झालेल्या रस्ते वाहतुकीच्या व्हिएन्ना करारात ‘चालक’ या शब्दाची व्याख्या करताना सायकलस्वाराचा मुद्दाम उल्लेख केला गेला. अनेक देशांचे नियम या कराराच्या धाटणीचे आहेत, म्हणून त्याचा उल्लेख पुढेही येईल.

चालक ठरल्यामुळे बंधनं येतात तसे हक्कही येतात. ज्या रस्त्यावर सायकलला बंदी नाही तिथे तुमची जागा कुणाच्या मेहेरबानीवर नसते. नवीन माणूस मागून हॉर्न वाजला की अपराधी वाटून आणखी कडेला सरकतो आणि खड्ड्यात किंवा गटाराच्या जाळीत चाक घालतो. तसं करू नका.

निघण्याआधी तुमच्या भागातले नियम वाचा

मूळ तत्त्वं सगळीकडे सारखी असली तरी तपशील देशागणिक, कधी राज्यागणिक बदलतात. वाहतूक खात्याने छापलेले नियम घ्या आणि त्यात या प्रश्नांची उत्तरं शोधा:

- सायकलला कोणत्या रस्त्यांवर बंदी आहे? द्रुतगती मार्गांवर बहुतेक ठिकाणी असतेच.
- सायकलची वेगळी लेन असेल तर ती वापरणं सक्तीचं आहे की ऐच्छिक? बसच्या लेनमधून जाता येतं का?
- हेल्मेट सक्तीचं आहे का? ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ते १९९० पासून आहे, न्यूझीलंडमध्ये १९९४ पासून. नेदरलँड्समध्ये साध्या सायकलसाठी तशी सक्ती नाही.
- फुटपाथवर कोण चालवू शकतं? जर्मनीत ८ वर्षांखालचं मूल फुटपाथवरून चालवतं आणि त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या मोठ्या माणसालाही तेवढ्यापुरती मुभा मिळते. इतर मोठ्यांना नाही.
- दोघांनी शेजारी-शेजारी चालवलेली चालते का? डबलसीट चालते का?

पाट्या ओळखायला शिका. गोल निळ्या पाटीवर पांढरी सायकल म्हणजे हा मार्ग सायकलींचा. लाल कडेच्या पांढऱ्या गोलात काळी सायकल म्हणजे सायकलला प्रवेश नाही. अशा पाट्यांखालची छोटी चौकोनी पाटी वाचायला विसरू नका, कारण सवलती तिथेच लिहिलेल्या असतात. ‘प्रवेश बंद’च्या खाली ‘सायकल सोडून’ असं लिहिलेलं असेल तर तो रस्ता तुम्हाला खुला आहे.

सायकल कायद्यात बसते का ते तपासा

करारानुसार सायकलला चांगला ब्रेक हवा, पुरेशा अंतरावर ऐकू जाईल अशी घंटी हवी, मागे लाल रिफ्लेक्टर हवा आणि पुढे पांढरा किंवा पिवळसर, मागे लाल दिवा लावण्याची सोय हवी. बऱ्याच देशांनी यात पायडलच्या आणि चाकांच्या रिफ्लेक्टरची भर घातली आहे. पायडलचे रिफ्लेक्टर स्वस्तातली वस्तू वाटते, पण अंधारात वर-खाली हलणारे ते दोन ठिपके पाहिले की मागच्या चालकाला पुढे सायकल आहे हे चटकन कळतं.

रिफ्लेक्टर असला की दिवा नको, असं समजू नका. रिफ्लेक्टरवर दुसऱ्याचा प्रकाश पडला तरच तो चमकतो. बाजूच्या गल्लीतून बाहेर येणाऱ्या मोटारीचा झोत तुमच्यावर पडतच नाही, ती तुमच्यासमोर येऊन उभी राहीपर्यंत. दिवा संधिप्रकाशात, धुक्यात आणि जोराच्या पावसातही लावा. पुढच्या दिव्याचा झोत थोडा खाली, रस्त्याकडे वळलेला हवा. समोरच्याचे डोळे दिपले तर त्याला तुम्हीच दिसेनासे होता.

आपल्या सायकलचा कोणता ब्रेक कोणत्या हाताशी आहे, हे न बघता सांगता आलं पाहिजे. हात दाखवण्याच्या टप्प्यावर ते लागेल.

रस्त्यात नेमकं कुठे चालवायचं

नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त चुकतो, आणि भलेपणाने चुकतो. ‘सायकलने कडेने चालावं’ हा नियम जवळजवळ सगळीकडे आहे. मात्र कड म्हणजे गटाराची जाळी नाही, काचांचा चुरा आणि खडी साठलेला पट्टा नाही. रस्त्याच्या कडेपासून निदान अर्धा मीटर आत चालवा. त्यामुळे अडथळा आला तर डावीकडे सरकायला जागा उरते आणि तुम्ही अचानक उजवीकडे झोकांडी खात नाही.

उभ्या मोटारींच्या रांगेशेजारून जाताना हे अंतर वाढवा. मोटारीचं दार सताड उघडलं की साधारण मीटरभर जागा खातं. मागे न बघता दार उघडू नये, अशी जबाबदारी कायद्याने मोटारीतल्या माणसावर टाकली आहे. चूक त्याची ठरेल, पण तोपर्यंत तुम्ही दारावर आपटलेले असाल. म्हणून दाराच्या टप्प्याबाहेरून जा, मग मागचा हॉर्न वाजवत असला तरी. उभ्या गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येऊ नका. सरळ रेषा धरा.

आणि काही ठिकाणी लेनच्या मधोमध चालवा. सायकलवाले याला ‘लेन घेणं’ म्हणतात. रस्ता इतका अरुंद असेल की सायकल आणि मोटार एका लेनमधून सुरक्षित अंतर ठेवून जाऊच शकत नाहीत, पुढे चौक किंवा वर्तुळाकार चौक असेल, पूल किंवा आंधळं वळण असेल, तिथे कडेला राहिलात तर मागचा चालक ‘बसेल गाडी’ असं समजून घुसतो. मधोमध असलात की त्याला लेन बदलूनच पुढे जावं लागतं. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या अधिकृत पुस्तिकेत, २०२२ च्या बदलांनंतर शांत रस्त्यांवर, संथ वाहतुकीत आणि चौकांजवळ असं मधोमध चालवण्याचा सल्ला स्पष्ट लिहिला आहे. अवघड जागा संपली की पुन्हा डावीकडे या आणि मागच्यांना वाट द्या. खूप गाड्या साठल्या असतील तर सुरक्षित जागा बघून क्षणभर थांबा.

उलट दिशेने कधीही नाही

समोरून येणारी मोटार दिसते, मागून येणारी दिसत नाही, म्हणून उलट बाजूने चालवणं सुरक्षित, असं अनेकांना मनापासून वाटतं. मलाही वाटायचं. हिशोब करून बघा. मोटारीचा वेग तासाला ५० किलोमीटर आणि तुमचा १५. एकाच दिशेने जात असाल तर ती तुमच्याकडे ताशी ३५ च्या वेगाने येते, समोरासमोर असाल तर ६५ च्या. तिला तुम्हाला बघून वेग कमी करायला मिळणारा वेळ जवळजवळ अर्ध्यावर येतो. त्यात गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक बघतो उजवीकडे, कारण गाड्या तिकडून येतात. तुम्ही त्याच्या डावीकडून येत असता.

काही देशांत एकेरी रस्त्यांवर सायकलींना उलट दिशेने जायची परवानगी असते. फ्रान्समध्ये ताशी ३० किलोमीटर मर्यादेच्या भागांत २००८ पासून अशी तरतूद आहे. ती पाटीने आणि रस्त्यावरच्या खुणांनी दाखवलेली असते. खूण नसेल तर परवानगी नाही असं धरा.

मागे बघा, हात दाखवा, मग सरका

मोटारीला इंडिकेटर असतो, तुम्हाला हात असतो. डावीकडे वळायचं असेल तर डावा हात, उजवीकडे वळायचं असेल तर उजवा, खांद्याच्या उंचीला सरळ आडवा. हे सरावाशिवाय जमत नाही. रिकाम्या मैदानात एका हाताने सरळ रेषेत चालवायला शिका. त्यानंतर मान वळवून मागे बघताना सायकल त्याच बाजूला ओढली जात नाही ना, ते तपासा. सुरुवातीला सगळ्यांचीच जाते.

क्रम असा: आधी खांद्यावरून मागे बघायचं. जागा असेल तर हात दाखवायचा. मागच्याने पाहिलं, वेग कमी केला, याची खात्री झाली की पुन्हा एक नजर टाकून सरकायचं. प्रत्यक्ष वळताना आणि ब्रेक लावताना दोन्ही हात हँडलवर. हात दाखवला म्हणून वाट मिळालीच असं नाही. हात ही विनंती आहे, आणि लेनमध्ये आधीपासून असलेल्याचा हक्क पहिला. मात्र मागे वळून बघण्याचा एक फायदा मी रोज अनुभवते. चेहरा दिसला की मागचा चालक बहुतेक वेळा वेग कमी करतो.

दोन्ही हात सोडून चालवणं आणि चालत्या गाडीला धरून ओढत जाणं कराराने सरळ निषिद्ध केलं आहे. हँडलला लटकवलेली जड पिशवीही त्याच कलमाच्या भावनेत येते. तोल बिघडवणारं ओझं नको.

चौकात

लाल म्हणजे थांबा, आणि थांबायचं ते थांबरेषेच्या मागे. झेब्रा क्रॉसिंगवर पुढचं चाक ठेवून नव्हे. काही ठिकाणी मोटारींच्या रेषेपुढे सायकलींसाठी रंगवलेला चौकोन असतो, तिथे पुढे जाऊन उभं राहता येतं. लाल दिव्याला किंवा ‘थांबा’च्या पाटीला अपवाद ठेवणाऱ्या जागा जगात आहेत. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ पासून सायकलस्वारांना ‘थांबा’ची पाटी ‘वाट द्या’ अशी समजण्याची मुभा दिली आहे, फ्रान्समध्ये ठरावीक चौकांत खास पाटी असेल तर लाल असतानाही वाट देऊन वळता येतं. तुमच्याकडे अशी लेखी सवलत नसेल तर ती कल्पनेने घेऊ नका. रस्ता रिकामा दिसला तरी.

डावीकडचं वळण सोपं. उजवीकडचं, म्हणजे समोरून येणारी वाहतूक ओलांडून जाणारं, दोन प्रकारे घेता येतं. सरावलेला माणूस चौकाच्या बराच आधी मागे बघत, हात दाखवत लेनच्या उजव्या भागात येतो आणि मोटारींसारखाच वळतो. नवीन असाल तर दुसरा प्रकार वापरा. डावीकडे राहून हिरव्यावर सरळ चौक पार करा, पलीकडच्या कोपऱ्यात सायकल उजवीकडच्या दिशेला तोंड करून उभी करा आणि त्या बाजूचा सिग्नल हिरवा झाला की सरळ जा. थोडा वेळ जास्त जातो. काही देशांत सायकलला हाच प्रकार बंधनकारक आहे.

आता जे सांगते आहे ते कृपया दोनदा वाचा. ट्रक, बस, ट्रेलर अशा लांब वाहनाच्या डाव्या बाजूने चौकात पुढे घुसू नका. असं वाहन डावीकडे वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात. सुरुवातीला तुमच्यासाठी भरपूर असलेली जागा वळण पुरं होईपर्यंत शिल्लक राहत नाही. शिवाय जागा मिळावी म्हणून चालक आधी उजवीकडे झुकतो, म्हणजे तो सरळ किंवा उजवीकडे जाणार असं तुम्हाला वाटतं. उंच केबिनमधून डावीकडचा जवळचा भाग त्याला नीट दिसतही नाही. तुम्हाला त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. मागे थांबा. ते वाहन नंतर तुमच्या शेजारी येऊन उभं राहिलं आणि पुढे सरकायला जागा नसेल, तर उतरून फुटपाथवर व्हा.

पायी चालणारे

क्रॉसिंगवर पाऊल ठेवलेल्या माणसाला मोटारींनी वाट द्यायची असते, तशीच तुम्हीही. दोन मोटारी थांबल्या आहेत आणि मधून सायकल जाईल एवढी फट आहे, अशा वेळी त्या का थांबल्या ते आधी बघा. पायवाट आणि सायकलवाट एकच असेल तर वेग चालण्याच्या जवळ आणा, दुरूनच एकदा घंटी वाजवा. कानाशी येऊन वाजवली तर माणूस दचकून नेमका तुमच्या वाटेत येतो. ऐकू न येणारी, न दिसणारी माणसंही त्या वाटेवर असतात हे धरून चाला.

मोटारचालकाकडून काय अपेक्षा ठेवायची

तुम्हाला ओलांडताना त्याने किती अंतर ठेवावं, हे आता अनेक देशांच्या नियमांत आकड्याने लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने १९७३ मध्येच ३ फूट ठरवले. जर्मनीत २०२० पासून वस्तीत १.५ मीटर आणि वस्तीबाहेर २ मीटर आहे. फ्रान्समध्ये वस्तीत १ मीटर, बाहेर १.५. आकडा नसेल तिथेही ‘सुरक्षित अंतर’ ठेवण्याचं बंधन असतंच. तुमच्या भागातला आकडा पाठ ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर ‘अगदी जवळून गेला’ यापेक्षा ‘अर्ध्या मीटरवरून गेला’ हे ऐकलं जातं.

थांबलेल्या रांगेतून तुम्ही पुढे जात असाल तेव्हा अंतराची काळजी तुमची. हळू जा आणि दार उघडू शकतं, माणूस उतरू शकतो, हे गृहीत धरा.

मोबाइल आणि मद्य या दोन्हींबद्दल सायकलस्वारांनाही आता माफी नाही. नेदरलँड्सने १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना फोन हातात धरणं बंद केलं. जपानने नोव्हेंबर २०२४ पासून फोनसाठी आणि दारू पिऊन सायकल चालवण्यासाठी शिक्षा कडक केल्या.

विजेची सायकल घेणार असाल

खरेदीआधी एकच गोष्ट विचारा: कायद्याने ही सायकल आहे की मोटारसायकल? युरोपीय संघात २५० वॉटपर्यंतची मोटर, फक्त पायडल मारताना मिळणारी मदत आणि ताशी २५ किलोमीटरला बंद होणारी मदत, एवढ्यात बसली तर ती सायकल. ताशी ४५ पर्यंत मदत करणारी मोपेडमध्ये जाते आणि मग नोंदणी, विमा, लायसन्स सगळं येतं. इतर देशांत आकडे वेगळे आहेत. मर्यादा काढून टाकून वेग वाढवलेली सायकल अपघातात सापडली तर तुम्ही बिनापरवाना वाहन चालवत होता असं ठरू शकतं.

अपघात झाला तर

थांबा. चूक कुणाचीही असो, लागलं असो वा नसो. आधी रस्त्यातून बाजूला व्हा, पण कुणी गंभीर जखमी असेल तर त्याला उगाच हलवू नका. रुग्णवाहिका बोलवा. समोरच्याचं नाव, गाडीचा नंबर, विम्याचा तपशील घ्या आणि तुमचा द्या. तुमच्या हातून पादचाऱ्याला लागलं असेल तरीही हेच सगळं करायचं. त्या दिवशी मी त्या बाईंचं नावही विचारलं नव्हतं.

कुणी जखमी असेल तर पोलिसांना कळवा. ठोकर सौम्य वाटली तरी डॉक्टरांना दाखवा, डोक्याचा मार कधीकधी उशिरा जाणवायला लागतो. जागेचे फोटो काढा: सिग्नल, रस्त्यावरच्या खुणा, दोन्ही वाहनांची स्थिती, तुमचे दिवे लागलेले होते हे दिसेल असाही एक. साक्षीदारांचे नंबर घ्या. नुकसानभरपाईच्या वेळी तुमचा दिवा होता का, तुम्ही योग्य बाजूला होता का, सिग्नल पाळला होता का हे तपासलं जातं आणि तुमची चूक निघाली तर मिळणारी रक्कम त्या प्रमाणात कमी होऊ शकते. त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, काय घडलं ते वेळेसकट लिहून काढा. आणि वाकलेलं चाक, तुटलेला दिवा दुरुस्तीला देण्याआधी काही दिवस तसंच ठेवा. तपास करणाऱ्याला ते पाहायचं असतं.